बिनछपराचं चर्च

गुरुवार, 29 मे. लिस्बन.

लेक सकाळी आठलाच तिच्या परिषदेला गेली. जाताना बजावलं, "आई, तू बेलेंला जा. ट्राम आहे, बसून जाता येतं. वास्को द गामाची कबर तिथेच आहे." मी हो म्हटलं आणि गेले नाही. बेलें इथून सहा-एक किलोमीटर, हे एक निमित्त. खरं कारण असं की त्या माणसाच्या कबरीपुढे उभं राहून मी करायचं काय, हेच ठरेना. आम्ही वसईकर. हात जोडावेत की पाठ फिरवावी? त्यापेक्षा पायांना झेपेल तेवढं शहर बघू म्हटलं.

झेपेल हा अंदाज चुकलाच.

रोसियो चौकातली फरशी काळ्या-पांढऱ्या लाटांची आहे. अगदी सपाट, पण तिच्याकडे बघत चाललं की पाऊल उगाच वर उचललं जातं. मुठीत मावतील एवढे चुनखडीचे दगड, एकेक हाताने ठोकून बसवलेले. वर्षानुवर्षं माणसं चालून ते असे गुळगुळीत झालेत की माझे नवे बूट सर्रकन घसरले. एका म्हातारीने कोपर धरून मला उभं केलं आणि बराच वेळ काहीतरी बोलली. बुटांबद्दलच असणार. मी "ओब्रिगादा" म्हटलं, तेवढंच येतं मला.

तिथून नदीपर्यंतचे रस्ते फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ. जुनं लिस्बन असं नव्हतंच. 1 नोव्हेंबर 1755, सगळ्या संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली, आणि भूकंप झाला. देवापुढच्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या. जीव वाचवायला लोक नदीकाठी धावले, तर तिकडून समुद्र आत आला. नंतर पोंबाल नावाच्या मंत्र्याने हा भाग नव्याने उभारला. भिंतींच्या आत लाकडी सांगाडा, म्हणजे जमीन हलली तरी घर तग धरेल. त्या सांगाड्याचा नमुना उभा करून भोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं होतं म्हणतात. सरळ रस्त्यांचा मला एरवी कंटाळा येतो, पण हे कळल्यावर मुकाट्याने चालले.

रस्ता संपतो तिथे मोठा चौक, तीन बाजूंनी पिवळ्या इमारती, चौथी बाजू नदीला मोकळी. टेगस इथे इतकी रुंद की वसईची खाडीच वाटावी. पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. तिथे बसून पिशवीतली सुकेळी काढली. (येताना सामानात अर्धा किलो कोंबली होती, लेकीने नाक मुरडलं होतं.) या चौकाला लागूनच जहाजं बांधायचा कारखाना होता. म्हणजे आमच्याकडे आलेली कितीतरी जहाजं इथलीच. वसईची केळी इथे बसून खाताना जरा हसूच आलं.

पुढे काठाकाठाने गेलं की एक विचित्र घर लागतं. दर्शनी भिंतीतला प्रत्येक दगड टोकदार, शंकरपाळ्याला मधून चिमटून वर ओढावं तसा. 1523 सालचं, अफोन्सो द आल्बुकेर्कच्या मुलाचं. गोवा घेतला तो हाच आल्बुकेर्क, 1510 मध्ये. हापूस हे नाव त्याच्यावरून पडलं म्हणतात. आम्ही केळीवाले, त्यामुळे तो हिशेब रत्नागिरीकरांनी बघावा. आता त्या घरात सारामागू या नोबेलविजेत्या लेखकाच्या नावाची संस्था आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्याच्या अस्थी. झाडाच्या सावलीत पाच मिनिटं टेकले.

मग चढ. आल्फामाचे चढ म्हणजे गुडघ्यांची तोंडी परीक्षा. वाटेत सांत अंतोनीचं चर्च, तो जन्मला त्या जागी बांधलेलं. जग त्याला पादुआचा म्हणतं, पण मूळचा हा इथला, लिस्बनचा. वसईच्या किल्ल्यातलं फ्रान्सिस्कन चर्चही त्याच्याच नावाचं. हरवलेलं शोधून देणारा संत. शाळेत माझी मैत्रीण कंपासपेटी हरवली की त्याचा धावा करायची, आणि सापडली की अर्धं श्रेय मला द्यायची, कारण शोधलेली असायची मी.

वरच्या सांता लुझियाच्या सज्जात गर्दी फोटो काढत होती. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सचं एक चित्र आहे, सकाळी मी बसले होते त्याच चौकाचं, पण भूकंपाआधीचं. राजवाडा, मनोरा, सगळं जागेवर. मागे वळून खाली पाहिलं तर त्यातलं काहीच नाही. फोटो काढायचं सुचलंच नाही.

उतरून पुन्हा पलीकडच्या टेकडीवर. तिथे जायला लोखंडी उद्वाहक आहे, 1902 सालचा. रांग पाहिली आणि पायऱ्या धरल्या. या निर्णयाचा पश्चात्ताप अजून चालू आहे.

पण कार्मोचं चर्च. दारातून आत गेले आणि थबकले. खांब उभे, कमानी उभ्या, वर नुसतं आकाश. 1755 ला छप्पर कोसळलं आणि पुढे ते पुरं बांधलंच नाही, तसंच ठेवलं. वसईच्या किल्ल्यातली चर्चं मी आयुष्यभर अशीच पाहिली. आमची मुलं तिथे क्रिकेट खेळली, हल्ली लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. तिथल्या जमिनीतल्या पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्यांवर बसून आम्ही डबे खाल्लेत. फरक आहेच. इथल्या कमानी टोकदार, आमच्या गोल. इथे भूकंप, आमच्याकडे मे 1739, चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला आणि दोनशे पाच वर्षांचा पोर्तुगीज अंमल उठला, मग हळूहळू झाडं-वेली आणि पावसाने बाकीचं केलं. लहानपणी मला वाटायचं, चर्चना छप्पर नसतंच. चर्चगेटला जाताना छपराचं चर्च पहिल्यांदा दिसलं तेव्हा बाबांना विचारलंही होतं की हे झाकलंय का. आज कार्मोत एक पक्षी कमानीतून आत आला आणि दुसऱ्या बाजूने गेला, अगदी तिथल्यासारखा. डोळे भरून आले. का, ते मला लिहिता येत नाही. राग नव्हता, एवढं नक्की.

बाहेरच्या चौकात नीलमोहर फुललेला. 25 एप्रिल 1974 ला याच चौकातल्या बराकीत हुकूमशाही सरकारचा पंतप्रधान कायतानू अडकला आणि संध्याकाळी शरण आला. बाहेर सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशनची फुलं. गोवा 1961 सालीच मुक्त झाला होता, पण तो भारताचा आहे हे पोर्तुगालने मान्य केलं या क्रांतीनंतर, 1974 च्या शेवटच्या दिवशी. तेरा वर्षं! बाकावर बसून मी बोटांवर दोनदा मोजलं.

परतताना एका साध्या कॅफेत काचेआड समोसे दिसले. पाटीवर "शमुसा". गोवा आणि मोझांबिक करत इथवर पोचलेला. दोन घेतले. सारण बरं होतं, चटणी नव्हती, हा मात्र अन्याय.

आता पाय गरम पाण्यात आहेत. लेक आल्या आल्या म्हणाली, "बेलें कसं वाटलं?" मी कार्मोचा फोटो पुढे केला. तोच फोटो दुपारी दादाला पाठवला होता, वर एक अक्षरही न लिहिता. त्याचं उत्तर आत्ता आलं: "किल्ला एवढा साफ कधी केला?"