मेलिंग लिस्टसाठी पोस्टोरियस बसवताना

आमच्या पक्षिनिरीक्षकांच्या गटाची मेलिंग लिस्ट 2006 पासून मेलमन 2 या सॉफ्टवेअरवर चालू होती. ते पायथन 2 या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतं आणि पायथन 2 ची देखभाल 1 जानेवारी 2020 ला थांबली. तरी आम्ही दिवस ढकलत राहिलो. सर्व्हर बदलायची वेळ आली तेव्हा मात्र मेलमन 3 बसवायला घेतलं.

जुन्यात वेबची पानं आतच होती. 3 मध्ये कामाची वाटणी आहे. मेल वाटायचं काम कोअर करतं, लिस्ट सांभाळायची पानं पोस्टोरियस दाखवतं आणि जुन्या मेल्स हायपरकिटी जपतं. पोस्टोरियस आणि हायपरकिटी जँगोवर, म्हणजे पायथनमधल्या वेबसाइट बनवायच्या चौकटीवर चालतात. पोस्टोरियसला काही हवं असलं की ते 8001 पोर्टवर कोअरला विचारतं. पोस्टफिक्सकडून, म्हणजे मेल सर्व्हरकडून येणारी मेल कोअर 8024 वर घेतं. मी हे आधी कागदावर काढलं, आणि नवीन माणसाने तेच करावं असं मला मनापासून वाटतं. कारण पहिल्याच संध्याकाळी पोस्टोरियसने ‘कोअर सुरू करा’ असा संदेश दाखवला आणि मी तासभर एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या फाईली तपासत बसलो. कोअरची सर्व्हिसच चालू नव्हती.

ती चालू झाल्यावर लिस्ट तयार झाली, मेल्स सगळ्यांना पोचू लागल्या, पण हायपरकिटीत एकही दिसेना. कोअर तिकडे मेल देताना एक किल्ली दाखवतं आणि ती दोन फाईलींत लिहावी लागते. माझ्या एका फाईलीत शेवटचं अक्षर सुटलं होतं. मेल्स हरवल्या नव्हत्या, स्पूलमध्ये, म्हणजे रांगेच्या फोल्डरमध्ये थांबल्या होत्या. किल्ली जुळली आणि पुढची मेल आली तशा त्याही जाग्यावर बसल्या. खात्याची खात्री करणाऱ्या मेलमध्ये आमच्या नावाऐवजी ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ येत होतं, ते जँगोच्या ॲडमिनमध्ये साइटचं नाव बदलून मिटलं.

खरा जीव अडकला होता तो जुन्या मेल्समध्ये. कुठल्या पाणवठ्यावर कोणता पक्षी कधी दिसला याची आमच्याकडे दुसरी नोंदच नाही. त्या सगळ्या एकाच एमबॉक्स फाईलीत होत्या. या फाईलीत प्रत्येक मेलची सुरुवात इंग्रजीतल्या ‘फ्रॉम’ शब्दाने आणि पुढच्या मोकळ्या जागेने ओळखली जाते. आयात करण्याआधी फाईल तपासली तर विषय नाही, पाठवणारा नाही, असे बरेच तुकडे निघाले. एक उघडून पाहिला. इंग्रजीत लिहिलेल्या मेलमधली ओळ होती, ‘फ्रॉम भिगवण वुई वेंट टु कुंभारगाव’, आणि पुढे रोहित पक्ष्यांचे आकडे. ओळ ‘फ्रॉम’ने सुरू झाली म्हणून तिथेच मेलचे दोन तुकडे झाले होते! तशीच आयात केली असती तर ते आकडे कुणाचे आणि कधीचे, हे कुणालाच कळलं नसतं. अशा ओळी दुरुस्त करणारी स्क्रिप्ट मेलमनसोबतच मिळते, ती चालवली. तरीही उरलेल्या ओळी मी दोन रात्री बसून हाताने नीट केल्या. मग आयात केली आणि शोधासाठी इंडेक्स बनायला सोडला.

आमची लिस्ट पहिल्यापासून सांभाळणाऱ्या काकांना मी फोनवर पोस्टोरियसमध्ये शिरायला सांगितलं. मंजुरीसाठी एक मेल थांबली होती.
“हं, दिसली. ‘ॲक्सेप्ट’ दाबू का रे?”
“दाबा काका. आणि हायपरकिटीच्या शोधात भिगवण टाकून बघा.”
जरा वेळ शांतता. मग ते सावकाश वाचू लागले, रोहितांचे आकडे, तारखेसकट.