हंगामी मदतनीस आणि जानेवारीतला कागद

सहा आठवड्यांसाठीच तर माणसं हवीत, त्यांना पगारपत्रकावर कशाला घ्यायचं? अमेरिकेतल्या माझ्या मेणबत्त्यांच्या छोट्या व्यवसायात पहिल्यांदा दोघींना मदतीला घेतलं, तेव्हा मी असाच विचार केला. नोव्हेंबर-डिसेंबरात ऑर्डरी एकदम वाढतात. दोघींकडून डब्ल्यू-९ (कंत्राटदाराचं नाव आणि करक्रमांक घेण्याचा फॉर्म) भरून घेतला, दर शुक्रवारी चेक दिला आणि जानेवारीत १०९९-एनईसी हातात ठेवला. अमुक कंत्राटदाराला इतके पैसे दिले, एवढंच त्या फॉर्मने आयआरएसला, म्हणजे इथल्या करखात्याला, कळवायचं. समोरच्याने आपला करक्रमांक दिला असेल तर सहसा काही कापायचं नसतं; नाही दिला तर २४ टक्के कापावे लागतात. आपल्याकडे टीडीएसची सवय, त्यामुळे मला हे फारच सोपं वाटलं.

फेब्रुवारीत त्यांतली एक जण तो कागद घेऊन आली. माझ्याकडून तिला २,४०० डॉलर मिळाले होते आणि त्यावर स्वयंरोजगार कर निघत होता साधारण ३४० डॉलर. सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) मिळून १५.३ टक्के. नोकरीत यातला अर्धा भाग, ७.६५ टक्के, मालक भरतो. म्हणजे माझा वाटा मी तिच्या डोक्यावर टाकला होता. ती भांडली नाही, फक्त विचारलं, "हे मी भरायचं?" तो प्रश्न मला फार लागला.

हिशेब बघणाऱ्या सीपीए (इथल्या सनदी लेखापाल) बाईंनी मला तीनच गोष्टी विचारल्या. कामाची वेळ कोण ठरवतं? डबे कसे भरायचे हे कोण सांगतं? टेबल, टेप, वजनकाटा कोणाचा? तिन्हींचं उत्तर 'मी'. मग त्या दोघी कर्मचारीच. काम सहा आठवड्यांचं असो की सहा वर्षांचं. हंगामी म्हणजे कंत्राटी नव्हे, हे इथे नव्याने धंदा करणाऱ्या प्रत्येकाला मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

पगारावरचे कर कळवण्याचा राहून गेलेला तिमाहीचा फॉर्म ९४१ भरला, उशिराचा दंड भरला, १०९९ रद्द करून दोघींना डब्ल्यू-२ (कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या पगाराचे आणि कापलेल्या कराचे दाखले) दिले. पैशांपेक्षा वेळ जास्त गेला.

किती रकमेपासून १०९९ द्यावा लागतो, ती मर्यादा अनेक वर्षं ६०० डॉलर होती, २०२६पासूनच्या रकमांसाठी ती २,००० झाली आहे. पण हा आकडा खऱ्या कंत्राटदारांसाठी. माझी वेबसाइट करून देणारा मुलगा त्यात बसतो: स्वतःचा लॅपटॉप, स्वतःची वेळ, इतरही गिऱ्हाइकं. ९४१वर हंगामी मालकांसाठी एक चौकट असते. तिथे खूण केली की ज्या तिमाहीत पगारच दिला नाही, तिचा फॉर्म भरावा लागत नाही. ही चौकट मला आधी कोणी दाखवली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या नोव्हेंबरात तीच मदतनीस पुन्हा आली. पहिल्या दिवशी खोक्यांना हात लावण्याआधी आम्ही दोघी टेबलाशी बसलो. तिने पगारातून किती कर कापायचा हे ठरवणारा डब्ल्यू-४ भरला, आय-९साठी (ओळख आणि इथे काम करण्याची परवानगी तपासण्याचा फॉर्म) मूळ कागदपत्रं पुढे ठेवली. मी ती नीट पाहिली, नोंदवली आणि परत दिली.