भीड चेपते, गोंगाट चेपत नाही

ऑटिस्टिक माणूस चारचौघांत जायला घाबरतो म्हटलं की घरातून, शेजारून, कधी डॉक्टरांकडूनही एकच सल्ला येतो: माणसांत मिसळायला लाग, भीड आपोआप चेपेल. हा सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. भीड खरंच चेपते. घाबरणारा माणूस त्याच प्रसंगात हळूहळू, पुन्हा पुन्हा गेला आणि काही वाईट घडलं नाही, तर भीती उतरते. उपचारांची एक अख्खी पद्धत यावर उभी आहे. पण हॉलमधला लाउडस्पीकर, डोळ्यांत घुसणारे दिवे, एकाच वेळी सारख्याच मोठ्याने ऐकू येणारी आठ जणांची बोलणी, कोण कधी अंगाला हात लावेल याचा नेम नसणं, हे शंभर वेळा जाऊनही चेपेल असं नाही. उलट मेंदू प्रत्येक वेळी एवढंच शिकतो की इथे आलं की त्रास होतो. मग भीतीही वाढते, आणि घरचे म्हणतात, एवढं करून हा माणूसघाणाच राहिला.

म्हणून सगळ्यात आधी भीती किती आणि भार (म्हणजे आवाज, उजेड, स्पर्श यांचा ताण) किती, हे वेगळं करावं लागतं.

सोशल अँग्झायटी म्हणजे लोक आपल्याला जोखतील, नावं ठेवतील, आपलं हसं होईल ही भीती. ऑटिझम ही भीती नाही, ती जन्मापासूनची मेंदूची वेगळी ठेवण आहे. (मराठीत याला ‘स्वमग्नता’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. जो समोरच्याच्या कपाळावरची एक आठी रात्रभर आठवत राहतो, त्याला स्वतःत मग्न कसं म्हणायचं?) २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक निदानांच्या अमेरिकन पुस्तकात, आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रास पहिल्यांदाच ऑटिझमच्या निकषांत आला. त्याच पुस्तकात सोशल अँग्झायटीच्या निकषांत एक अट आहे: लोकांना टाळण्याचं कारण ऑटिझमने जास्त चांगलं उलगडत असेल, तर हे निदान करू नये. अट रास्त आहे, पण तिचा वापर आडमुठेपणाने होतो. ‘ऑटिझम आहे ना, मग हे असंच असायचं’ म्हणून भीतीवर उपचारच होत नाहीत. किंवा उलटं होतं: मुलगी ‘लाजाळू’, ‘बुजरी’ ठरते, वर्षानुवर्षं भीतीचे उपचार घेते आणि ऑटिझम कुणाच्या लक्षातच येत नाही. एकाच माणसात दोन्ही असू शकतं, आणि बऱ्याचदा असतं.

वेगळं करायला दोन प्रश्न पुरतात. पहिला: तिथे मला कुणीही नावं ठेवणार नाही अशी पक्की खात्री असती, तरी जावंसं वाटलं नसतं का? नसतं, तर उरतो तो भार. दुसरा: खोली शांत आहे, उजेड मंद आहे, तीनच माणसं आहेत, पण ती माझ्याबद्दल मत बनवणार आहेत; तरी पोटात गोळा येतो का? येत असेल, तर ती भीती. दोघांच्या वेळाही वेगळ्या असतात. भीती दोन-तीन दिवस आधीच सुरू होते, दारात शिगेला पोहोचते आणि आत टिकून राहिलं तर बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात उतरायला लागते. भार दारात कमी असतो आणि चढतच जातो. बाहेर पडल्याशिवाय उतरत नाही.

हे कागदावर दिसतं. खिशात छोटी वही ठेवा. निघताना, पोहोचल्यावर पंधरा मिनिटांनी, पाऊण तासाने आणि परतल्यावर, भीती आणि भार यांना ० ते १० पैकी आकडे द्या. पाच-सहा वेळा झालं की आपला नकाशा कळतो. इथे एक अडचण हमखास येते. अनेक ऑटिस्टिक माणसांना आत नेमकं काय वाटतंय हे लगेच सांगता येत नाही, आकडा सुचत नाही. मग भावनेचं नाव शोधत बसू नका, शरीराच्या खुणा लिहा: दात आवळले गेले, हात गार पडले, वाक्यं तुटक व्हायला लागली, समोरच्याचं बोलणं आणि मागच्या भांड्यांचा आवाज एकाच पातळीवर आले. शेवटच्या दोन खुणा बहुधा भाराच्या असतात.

भीती येते कुठून, हेही नीट पाहायला हवं. शाळेत बोलण्याची नक्कल झालेली असते, ‘असं कसं बोललास’ हे शेकडो वेळा ऐकलेलं असतं. म्हणजे ‘लोक हसतील’ हा विचार हवेतून आलेला नाही. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने २०१२ मध्ये मांडलं की समजण्यातली दरी दोन्ही बाजूंनी असते: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही, तसंच इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं कळत नाही. त्यामुळे समुपदेशकाने ‘हा विचार खरा आहे का?’ एवढंच विचारलं, तर प्रामाणिक उत्तर ‘हो, कधी कधी’ असंच येणार आणि उपचार तिथेच अडकणार. प्रश्न बदलून घ्यावा: हे कुठल्या माणसांत खरं ठरतं आणि कुठल्या माणसांत नाही? याची उत्तरं वापरता येतात.

दुसरी मोठी गफलत सवयींच्या बाबतीत होते. १९९५ मध्ये क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी सोशल अँग्झायटीचा जो आराखडा मांडला, त्यात बचावाच्या सवयींना महत्त्व आहे: नजर टाळणं, वाक्य मनात घोळवून बोलणं, कोपरा धरणं. या सवयींमुळे भीती टिकून राहते, म्हणून त्या सोडवतात. ऑटिस्टिक माणसाच्या बाबतीत हे सरसकट लावलं की नुकसान होतं. खाली बघून ऐकणं ही अनेकांची ऐकण्याचीच पद्धत असते. डोळ्यांत बघायला लावलं की शब्द डोक्यात शिरत नाहीत. इथे कसोटी एकच: हे मी पकडलं जाऊ नये म्हणून करतोय, की मला ऐकू यावं आणि शांत राहता यावं म्हणून? पहिल्या जातीच्या सवयी हळूहळू सोडाव्यात, दुसऱ्या जातीच्या उघडपणे ठेवाव्यात. बोटांत सुपारीएवढा खडा फिरवत राहणं ही दुसरी जात. प्रत्येक विनोदावर इतरांकडे बघून हसणं ही पहिली, आणि तीच माणसाला सर्वांत जास्त दमवते.

सराव करायचा तर एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. भार कमीत कमी ठेवायचा आणि फक्त भीतीची पायरी चढायची. वाण्याचं दुकान यासाठी उत्तम. दुकान उघडल्या उघडल्या जा, तेव्हा गर्दी नसते. पहिली पायरी: यादी कागदावर लिहून नुसती हातात द्यायची. दुसरी: एका वस्तूचा भाव विचारायचा. तिसरी: ‘अर्धा किलो नको, पाव किलो द्या’ म्हणून सांगितलेलं बदलायचं. चौथी: कालची वस्तू परत करायची. प्रत्येक पायरी तीन-चार वेळा, भीतीचा आकडा निम्म्यावर येईपर्यंत. घोटाळा होतो तो अनपेक्षित प्रश्नाने. ‘पिशवी देऊ?’ एवढं विचारलं तरी ठरवलेली सगळी वाक्यं सांडतात. त्यासाठी कुठेही चालणारं एक वाक्य पाठ असावं: ‘एक मिनिट, बघून सांगतो.’ ते काहीच ठरवत नाही, फक्त दहा सेकंद मिळवून देतं.

फोन हा वेगळा डोंगर. समोर चेहरा नाही, लेखी काही नाही, आणि कुणी कधी बोलायचं हे आवाजातल्या अर्ध्या सेकंदाच्या खंडावरून ओळखायचं. दवाखान्यात वेळ घ्यायची असेल तर कागदाचे चार भाग करा. वर पहिलं वाक्य शब्दशः: ‘नमस्कार, मला डॉक्टरांची वेळ हवी होती.’ त्याखाली ते विचारतील ती माहिती: नाव, वय, केसपेपरचा नंबर, मोबाइल. तिसऱ्या भागात फाटे: ‘कशासाठी?’ विचारलं तर काय, ‘उद्या फोन करा’ म्हणाले तर ‘किती वाजता करू?’ चौथ्यात शेवट: ‘बरं, धन्यवाद, ठेवतो.’ शेवट लिहिलेला नसला की फोन संपवताच येत नाही. त्याऐवजी मेसेज पाठवणं म्हणजे पळवाट का? माझं मत स्पष्ट आहे: काम झालं तर ती पळवाट नाही. दात किडतोय आणि फोन होत नाही म्हणून सहा महिने गेले, हे टाळणं.

आता लग्न. मंगल कार्यालयात सगळं एकदम असतं, म्हणून त्याचा तपशील बारकाईने बघावा. सर्वांत कठीण क्षण अक्षतांचा. शेवटचं ‘सावधान’ झालं की त्याच सेकंदाला बँड, ताशे, टाळ्या, कधी बाहेर फटाके, डोक्यावर-मानेवर तांदूळ, आणि लगेच सगळी गर्दी जेवणाकडे. मंगलाष्टकं चालू असतानाच दाराजवळ, स्पीकरच्या मागच्या बाजूला उभं राहावं. फोमचे बोळे कानात घालायचे तर ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सारून वीस-तीस सेकंद धरून ठेवायचा. नुसता टेकवला तर आवाज जेमतेम अडतो. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो, आणि तिथेच पुढची अडचण: आपण नकळत हळू बोलतो, समोरचा ‘काय?’ ‘काय?’ करतो आणि भीती परत चढते. म्हणून बोलताना एका कानातला काढायचा. शेरवानीची कॉलर किंवा जरीचे काठ आदल्या दिवशी घरी तासभर घालून बघावेत. टोचणारं काय ते तेव्हाच कळतं.

मुहूर्ताच्या गर्दीत जाण्यापेक्षा सकाळी नाश्त्याच्या वेळी जाणं बरं. हॉल अर्धा रिकामा असतो, घरची माणसं भेटतात, आहेर देऊन होतो. त्याहून चांगलं म्हणजे एखादं काम मागून घेणं: अक्षता वाटणं, पंगतीत पाणी किंवा मीठ-लिंबू वाढणं. कामामुळे कुणाशी काय बोलायचं हे ठरतं, आणि कुठूनही उठून जायला कारण असतं. ‘लग्नाचं काय मग?’ याला एक ओळ आणि लगेच उलटा प्रश्न: ‘बघू. काकू, तुम्ही कशा आलात, एसटीने की गाडीने?’ प्रवासाबद्दल बहुतेक माणसं आनंदाने पाच मिनिटं बोलतात.

आपल्याकडचे काही रिवाज या बाबतीत फार दयाळू आहेत, हे मला मनापासून सांगायचंय. वाकून नमस्कार: डोळ्यांत बघायला लागत नाही, मिठी नाही, आशीर्वादाचे शब्द ठरलेले. हळदीकुंकू: हळद, कुंकू, अत्तर, गुलाबपाणी, वाण, तिळगूळ, आणि दहा मिनिटांत उठलं तरी कुणी काही म्हणत नाही. ज्याला क्रम आहे ते पेलतं. (अत्तराचा वास सोसत नसेल तर ‘अत्तर नको’ म्हणून हात मागे घ्यावा, चालतं.) खरी दमछाक होते ती ‘ये ना, नुसतं बसू गप्पा मारत’ यात, कारण त्याला ना क्रम, ना शेवट. शेवट आपणच आणावा: नव्वद मिनिटं ठरवून बोलावणाऱ्याला आधीच सांगावं, आणि निघताना त्या एकाच माणसाला ‘बरं, येतो’ म्हणावं. दारात सगळ्यांचा निरोप घेत बसलं की वीस मिनिटं जातात, आणि ती सर्वांत महाग पडतात.

घरच्यांनी दोन गोष्टी कराव्यात. ‘थोडा वेळ जाऊन येऊ’ ऐवजी ‘साडेआठपर्यंत, साधारण तीस माणसं, परत रिक्षाने’ असं सांगावं. आणि परतल्यावर माणूस बोलेनासा झाला, तर ‘काय झालं, बोल ना’ असं खोदू नये. दिवा मालवावा, पाणी जवळ ठेवावं, विचारायचंच तर हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारावं. वाचा परत यायला कधी तास लागतो, कधी दुसरा दिवस उजाडतो.

रात्री डोक्यात उजळणी सुरू होते. ती निव्वळ भीती नसते. ‘तो असं का म्हणाला’ याचा अर्थ लावणंही त्यात असतं, म्हणून ‘विचार करू नकोस’ म्हणून ती थांबत नाही. दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर, पंधरा मिनिटं कागदावर दोन रकाने करावेत: प्रत्यक्ष काय शब्द बोलले गेले, आणि मी त्यातून काय अर्थ काढला. एका विश्वासाच्या माणसाला एकच प्रश्न विचारावा. दहा विचारले की तेही पुन्हा उजळणीच होते.

समुपदेशक निवडताना आधी मेसेजवर विचारा: भेटीत काय करणार ते लेखी देता का, मी लिहून आणलेलं वाचता का, मधे थांबता येईल का. ब्रिटनच्या नाइस या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तींच्या उपचारांसाठी असेच बदल सुचवले आहेत: ठोस मांडणी, लेखी आणि चित्रांची मदत, अलंकारिक बोलणं टाळणं, मधे विश्रांती, माणसाच्या आवडीचे विषय वापरणं. औषधांत एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारखी औषधं भीतीवर देतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला अस्वस्थता वाढू शकते. ऑटिस्टिक व्यक्तींना दुष्परिणाम लवकर जाणवू शकतात, म्हणून कमी मात्रेपासून सुरुवात करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला आणि मनाने अचानक बंद करू नका. औषध भीती कमी करतं, लाउडस्पीकर नाही.

नोकरीच्या ठिकाणी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा कामाला येतो. त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे आणि वाजवी सोयींची तरतूदही आहे. मागणी नेमकी आणि लेखी करावी: बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी मिळावेत, सूचना ईमेलवर द्याव्यात, बसायची जागा वाटेवरची नसावी.

आणि जगणंच नकोसं वाटायला लागलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो. तोही फोनच आहे, म्हणून त्याचंही पहिलं वाक्य आत्ताच लिहून ठेवा: ‘मी ऑटिस्टिक आहे, मला फोनवर बोलायला जड जातं. मी मधेच गप्प झालो तर फोन ठेवू नका, मी आहे.’