गॅस गेलाच नव्हता

मे महिन्यातलं इंदूर, बाहेर ४२ अंश, आणि रामबागेतल्या आमच्या घरी फ्रीजमध्ये ठेवलेलं दूध नासायला लागलं. दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज. मेकॅनिकने आत हात फिरवला आणि निकाल दिला, "गैस निकल गई है भिया, भरवानी पड़ेगी." आई पैसे काढायला उठलीसुद्धा. मला काही ते पटेना. वर फ्रीजरमधला बर्फ चांगला घट्ट होता. गॅस गेला असता तर तो कशाला टिकतोय?

या फ्रीजमध्ये थंडी तयार होते एकाच जागी, फ्रीजरच्या मागच्या पॅनलआडच्या कॉइलवर. तिथली गार हवा पंखा खाली ढकलतो. कॉइलवर साचणारा बर्फ वितळवायला हीटर असतो, तो ठरावीक तासांनी आपोआप लागतो. लागला नाही की बर्फ वाढत जातो, हवेची वाट बुजते, मग वर गारठा आणि खाली कोमट.

प्लग काढला. दही-चक्का शेजारच्या काकूंकडे पाठवला (चक्का परत आला नाही, ते असो). पॅनल सोडवलं तर कॉइल दिसेचना, नुसता पांढरा ठोकळा! आई सुरी घेऊन आली, तिला अडवलं. कॉइलची नळी पातळ असते, आणि आमच्या फ्रीजमधला आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा गॅस. सुरी लागली असती तर मेकॅनिकचं म्हणणं खरं झालं असतं. दार उघडं ठेवून टेबलफॅन लावला, खाली जुने पंचे अंथरले.

बर्फ उतरल्यावर मल्टीमीटर काढला, म्हणजे विजेची वाट जोडलेली आहे की तुटलेली ते दाखवणारं मीटर. हीटर तीनशे ओहमच्या आसपास दाखवत होता, म्हणजे त्याची तार शाबूत. उरला बायमेटल. कॉइलला अडकवलेली ही बटणाएवढी चकती थंडीत सर्किट जोडते, गरम झाली की तोडते. तिला टेबलावर तपासण्यात अर्थ नाही, खोलीच्या तापमानाला धडधाकट चकतीसुद्धा सर्किट तुटलेलंच दाखवते. नुसता बर्फही पुरत नाही, कारण ती शून्याच्या बरीच खाली जोडते. म्हणून संच्यात आइस्क्रीम लावताना करतात तसं बर्फात भरपूर मीठ कालवलं आणि चकती पिशवीत घालून त्यात पुरली. बराच वेळ ठेवली, मीटर हूं की चूं करेना. चोर सापडला.

महाराणी रोडवर जुनी चकती दाखवून तशीच नवी घेतली. गॅस भरायच्या खर्चापुढे तिची किंमत म्हणजे चिल्लर. वायरी जोडून इन्सुलेशन नीट केलं. पॅनल लावण्याआधी कॉइलखालच्या निचऱ्याच्या भोकात कोमट पाणी ओतून पाहिलं. ते मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेत उतरलं, म्हणजे वाट मोकळी होती. दुसऱ्या दिवशी खालच्या कप्प्यात थर्मामीटर ४ अंशांवर.

कॉम्प्रेसर सतत चालतोय आणि फ्रीजरमधलाही बर्फ वितळतोय, असं असेल तर मात्र पॅनल उघडत बसू नका. ते काम मेकॅनिकचंच.