सिंहासनच नसलेला दरबार

आज जर्मनीतल्या बव्हेरियातला नॉयश्वानस्टाइन वाडा पाहिला आणि तो बांधणारा तिथला राजा, दुसरा लुडविग, काही डोक्यातून जात नाहीये. बाहेरून थेट परीकथेतला, मध्ययुगीन वाटणारा हा वाडा. पण पायाभरणी १८६९ ची! आत नळाला पाणी, गरम हवेने खोल्या उबदार ठेवायची सोय, नोकरांना बोलवायला विजेची घंटा. शयनगृहात पलंगावरच्या लाकडी छताला देवळाच्या शिखरांसारखे कोरलेले कळसच कळस, आणि हात धुवायच्या नळाला हंसाचा आकार. हंस तर पावलोपावली.

पण खरी थबकले ते दरबारात. पायाखाली पशू-झाडांचं मोझेक, डोक्यावर मुकुटाच्या आकाराचं भलंमोठं झुंबर, समोर शुभ्र संगमरवरी पायऱ्या... आणि वर काहीच नाही. १८८६ मध्ये राजा गेला, सिंहासन बसलंच नाही. जेमतेम १७२ दिवस राहिला बिचारा इथे. एकांतासाठी बांधलेला वाडा त्याच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच तिकीट लावून खुला केला, हे ऐकून फार वाईट वाटलं.

आत फोटो काढू देत नाहीत. बरंच आहे, नीट बघून तरी होतं.

उद्या लिंडरहोफ. त्याच्या हयातीत पूर्ण झालेला तेवढा एकच राजवाडा.