खणखणीत आणि बद्द

अमेरिकेत आल्यापासून खिशातली चिल्लर रोज रात्री लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत टाकायची आणि महिनाअखेरीस ती टेबलावर ओतून, तांदूळ निवडावेत तशी त्यातली एक सेंटची नाणी, म्हणजे पेनी, निवडत बसायचे, असा माझा परिपाठ आहे. १९०९ ते १९५८ पर्यंतच्या पेनीवर एका बाजूस अब्राहम लिंकन आणि पाठीमागच्या बाजूस गव्हाच्या दोन ओंब्या असतात. ओंबी दिसली की हात आपोआप थांबतो, जरी त्यांतली पन्नाशीच्या दशकातली बहुतेक नाणी चार-पाच सेंटांपलीकडे जात नाहीत.

१९८२ हे साल मात्र कानाने ओळखायचे. त्या वर्षी पेनीतले तांबे जवळजवळ हद्दपार होऊन आत जस्त आले, वजन ३.११ ग्रॅमवरून २.५ ग्रॅमवर उतरले, आणि त्याच सालाची दोन्ही तऱ्हेची नाणी चलनात आली. टेबलावर टाकले तर तांब्याचे खणखणते, जस्ताचे बद्द वाजते. आपल्या भाषेतले हे दोन्ही शब्द इतके नेमके असतील, हे मला परदेशात नाणी आपटताना कळले.

एकदा तांबूस रंगाची १९४३ ची पेनी हाती लागली आणि माझा घसा कोरडा पडला. महायुद्धात तांबे दारूगोळ्यासाठी हवे असल्याने त्या वर्षी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या पेनी पाडल्या होत्या; चुकून तांब्यावर ठसा उमटलेली नाणी इतकी थोडी आहेत की त्यांतल्या काहींना लिलावात लाख डॉलरहून अधिक किंमत आली आहे. मी फ्रिजवरचा गणपतीचा चुंबक काढून नाण्याजवळ नेला, आणि नाणे टुणकन उडी मारून बाप्पांना चिकटले. कुणीतरी पोलादावर तांबे चढवले होते. बाप्पांनी विघ्न हरण केले की आणले, यावर घरात अजून एकमत नाही.

१९५५ च्या दुहेरी ठशाच्या पेनीनेही मला असेच फसवले आहे. तिचा मूळ ठसाच घडवताना किंचित तिरका होऊन दोनदा दाबला गेला, त्यामुळे साल आणि अक्षरे ठळक, गोलसर कडांची, दोन-दोन दिसतात. नाणे पाडताना ठसा नुसता हलला तर येणारी सावली सपाट, पायरीसारखी असते आणि तिला कोणी विचारत नाही. माझ्याकडच्या सगळ्या सावल्या पायरीच्याच निघाल्या.

खरे जुने म्हणावे असे एकच नाणे मिळाले, १९१९ चे. त्यावर शंभर वर्षांचा तपकिरी रंग एकसारखा चढला होता, आणि नाण्याच्या पारखीत त्या रंगालाच मान असतो. घासलेले नाणे जाणकार बाजूला सारतात. हे मी आईला सांगायचे राहून गेले. ती पुण्याहून आली होती, तांब्याची वस्तू काळवंडलेली पाहून तिच्याने राहवले नाही, आणि चिंच-मीठ लावून तिने लिंकनसाहेबांना देवाच्या भांड्यांबरोबर घासून काढले. ते नाणे आता देव्हाऱ्यात असते आणि शेजारच्या ताम्हनापेक्षा जास्त लखलखते.