हरभऱ्यातून गेलेली वाट

गेल्या मे महिन्यात नाशिकजवळच्या गंगापूर धरणाचं पाणी पार आत ओसरलं होतं, तेव्हा सावरगावच्या बाजूला काठाकाठाने जाणारी एक वाट मला सापडली. भेगाळलेली जमीन, मधेमधे मुरमाचे पट्टे, उजव्या हाताला पाणी आणि समोर अंजनेरी, ब्रह्मगिरीची रांग. मी ती मोबाइलवर नोंदवली आणि त्याच रात्री सायकलवाल्यांच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, "मोकळं रान आहे, बिनधास्त जा." त्या एका ओळीपायी आज हे सगळं लिहायला बसलोय.

सायकलचं आधी सांगतो. माझी ग्रॅव्हल बाइक आहे, म्हणजे खडी-मातीच्या वाटांसाठीची सायकल. तिचं हँडल रोड बाइकसारखंच खाली वळलेलं असतं, टायर मात्र चांगला रुंद. माझा 40 मिलिमीटरचा आहे आणि मी त्यात 35 पीएसआयच्या आसपास हवा ठेवतो. हवा कमी असली की टायर खडीवर उड्या मारत नाही, तिला धरून चालतो. 2015 मध्ये आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, त्या दिवसांत मी माळ्यावरची जुनी सायकल खाली काढली होती. पुढे डांबरावर कंटाळा यायला लागला. नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर, काश्यपी, गौतमी गोदावरी अशी धरणं जवळजवळ आहेत आणि त्यांच्यामधून पाणंदी, शिवरस्ते, गाडीवाटा इतक्या आहेत की अशा सायकलला यापेक्षा चांगला मुलूख मागूच नये.

तर जानेवारीतला पहिला रविवार. मी आणि एक मित्र सहाला निघालो. सोमेश्वर, गोवर्धन, गंगावऱ्हे. थंडीने बोटं ब्रेकवर वळत नव्हती. बॅकवॉटरच्या काठावर आदल्या रात्रीच्या शेकोट्या अजून धुमसत होत्या, तीन-चार गाड्या पार पाण्यापर्यंत उतरवलेल्या, एकीचे स्पीकर सकाळी सातला सुरू. वाळूत फुटक्या बाटल्या. हे मातीचं धरण 1965 सालचं, शहराच्या नळांना पाणी पुरवणारं, आणि त्याच पाण्याच्या कडेला आपल्याच शहरातली माणसं काचा फोडून जातात. मी बराच वेळ चिडून मित्राशी बोलत होतो. लोकांना जागेची किंमत नाही वगैरे.

आणि मग माझी ती वाट आली. मोबाइलवर निळी रेघ बरोबर पुढे जात होती. जमीन मेसारखी भेगाळलेली नव्हती, ओलसर काळी होती. समोर हिरवट झाक दिसली, ती मला गवताची वाटली. सायकल मऊ चालायला लागली म्हणून बरंही वाटलं. तेवढ्यात डाव्या अंगाने हाक आली.

"भाऊ, जरा थांबता का?"

डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, हातात खुरपं घेतलेले एक म्हातारे बाबा. आवाज चढलेला अजिबात नव्हता. ते आले, माझ्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि मातीत दाबलं गेलेलं एक रोप दोन बोटांनी उचलून उभं करायला लागले. चार बोटं उंचीचा हरभरा. पानं मातीत रुतलेली. त्यांनी बुडाशी चिमूटभर माती लावली, रोप उभं राहिलं आणि बोटं काढल्यावर पुन्हा आडवं झालं.

"शेंडा मोडला तर काय नाय. शेंडा आम्हीच खुडतो, फुटवा जास्त फुटतो. पर बुडातून दाबला की गेला."

मी मागे वळून पाहिलं. माझी एकट्याची रेघ नव्हती तिथे. आधीच्या चाकांच्या खुणा वाळून घट्ट झाल्या होत्या आणि त्यांचा मिळून वीतभर रुंद पट्टा शेतातून तिरका गेला होता.

"ही परवाची, ही मागल्या ऐतवारची. हटकलं तर मोबाइल दाखवतात. रस्ता हाये म्हणतात."

मी हातातला मोबाइल पाहिला. ती निळी रेघ माझी होती.

"बाबा, ही वाट मीच टाकलीये," म्हणालो. त्यांना आधी उमगेना. वाट टाकायची म्हणजे काय? मग स्क्रीन दाखवून समजावलं: उन्हाळ्यात मी इथून गेलो, ते यात उमटलं, मी ते लोकांना दिलं आणि लोक त्यावरून येतायत. ते थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उन्हाळ्यात रान उघडं असतं. सोंगून झालेलं असतं ना."

हे मला ठाऊक असायला हवं होतं. गाळपेर हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय. धरणाचं पाणी जसजसं खाली जातं तसतशी काठाची ओली जमीन उघडी पडते, तिच्यात पेरतात. वरून पाणी द्यावं लागत नाही, गाळाची ओलच पिकाला पुरते. "पाणी उतरतं तसे आम्ही खाली उतरतो," असं बाबा म्हणाले. पाणी कधी उतरणार हे मात्र त्यांच्या हातात नसतं. उशिरा उतरलं तर पेरणी उशिरा. यंदा तशीच झाली होती. आणि ओला गाळ चाकाखाली दाबला गेला की वाळल्यावर विटेसारखा होतो, मूळ त्यात शिरत नाही.

मित्र हळूच म्हणाला, सायकलच्या चाकाने असं कितीसं होणार? आम्ही सायकली उचलून बांधावर ठेवल्या आणि मोजलं. पट्टा पिकाची साठ तासं, म्हणजे ओळी, तिरकी कापत गेला होता. एकेका तासात दोन-तीन रोपं. दीडशेच्या आसपास झाली. मित्र नंतर काही बोलला नाही. मी खिशाकडे हात नेला तर बाबांनी मान हलवली. "पैशाचं नको. ती रेघ काढा तेवढी."

मग ते स्वतः पुढे चालले आणि आम्ही सायकली हातात धरून मागे. वरच्या अंगाने, घाणेरीच्या झुडपांना धरून, बैलगाडीची जुनी पाणंद आहे. दगडगोट्यांची, मधे एक ओहोळ, बाभळीचे काटे भरपूर. काटे त्यांनी आधीच सांगून ठेवले. मोबाइल सुरू ठेवून मी ती पावलापावलाने नोंदवली. दीड किलोमीटर जास्त पडतं. चालवायला ही वाट कितीतरी सरस आहे, कारण खरी खडी इथेच आहे. वाटेत त्यांनी एक उघडा मुरमाड तुकडा दाखवला: उन्हाळा लागला की टिटवी इथे अंडी घालते, खड्यांसारखीच दिसतात, तेव्हा इथून उतरून चालत जायचं. तेही मी वाटेच्या माहितीत लिहिलंय.

उरलेला दिवस झाला तसा झाला. गिरणाऱ्याला चहा, वाघेऱ्याच्या घाटात सागाच्या वाळक्या पानांचा चाकाखाली होणारा चुरा, हरसूलपर्यंत सावली, परत त्र्यंबक रोडने वाहनांच्या गर्दीतून घर. एरवी त्या जंगलावर मी पानभर लिहिलं असतं.

रात्री जुनी वाट काढून टाकली. पण ज्यांनी ती आपापल्या मोबाइलमध्ये उतरवून घेतलीये त्यांच्याकडे ती तशीच आहे, आणि ती मला काढता येत नाही. ग्रुपवर लिहिलं, तेव्हा काहींनी अंगठा दाखवला, एकाने विचारलं, "नवीन वाट किती स्लो आहे?" तुमच्याकडे ती जुनी वाट असेल तर कृपा करून काढून टाका. सावरगावच्या बाजूला निळी रेघ पाण्याच्या दिशेने खाली वळते, तीच ती.

मागच्या रविवारी मी पुन्हा जाऊन आलो, पाणंदीने. हरभरा गुडघ्याच्या जरा खालपर्यंत वाढलाय, फुलं लागलीत. पट्टा बांधावरून अजून दिसतो, पण त्यात ताज्या चाकाची खूण नव्हती. बाबा लांब पाण्याच्या कडेला नव्याने उघड्या पडलेल्या जमिनीत काहीतरी टोबत होते. हाक मारली तर त्यांनी हात वर केला आणि पुन्हा वाकले.